वरचं तूप, खालचा गाळ

माणसाची ताजी चरबी फोडलेल्या बुंदीच्या लाडवासारखी दिसते. तोच पिवळा रंग, तसेच एकमेकांना चिकटलेले दाणे, बोटाला लागणारा तोच ओशटपणा. हे कळल्यावर मी बायकोला जाहीर केलं की आता आयुष्यात बुंदीचा लाडू खाणार नाही. पुढच्याच आठवड्यात आर्वी नाक्याजवळ एक बारसं होतं. तिथे मी तीन खाल्ले. बायकोने मोजले. खरं तर मोजणं हे माझं काम होतं. पण या सगळ्या प्रकरणात चोख मोजणी झाली ती एवढीच.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो. कोणत्या, ते सांगत नाही, कारण मला अजून बरीच वर्षं नोकरी करायची आहे. आमच्याकडे बढती हवी तर शोधनिबंध लागतात. सहकाऱ्यांनी शहाणपणाने विषय निवडले: शाळकरी मुलींचं हिमोग्लोबिन, कापूस वेचणाऱ्या बायांची कंबरदुखी. त्यांनी फॉर्म भरून घेतले, सरासरी काढली, निबंध छापून आणले आणि वर पेढेही वाटले. मला मात्र काहीतरी ‘मूलभूत’ करायचं होतं. चाळिशी उलटल्यावर कोणी बुलेट घेतो, कोणी विपश्यनेला जाऊन बसतो. मी माणसाच्या चरबीतल्या रोगप्रतिकारक पेशी मोजायला घेतल्या.

आता चरबीत कसल्या आल्या पेशी, असं तुम्ही विचाराल. बायकोनेही विचारलं होतं. चरबी म्हणजे तुपाचं गोदाम अशी आपली समजूत असते. पण या गोदामात चांगली वस्ती असते. रक्तातून आलेल्या पांढऱ्या पेशी तिथे बिऱ्हाड करून राहतात. त्यांतल्या मॅक्रोफेज या पहारेकरीही आणि सफाई कामगारही: मेलेलं काही दिसलं की गिळायचं, संशय आला की बोंब ठोकायची. २००३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्या स्टुअर्ट वाइसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की सडपातळ शरीराच्या चरबीत या पेशी १० टक्क्यांहून कमी असतात आणि लठ्ठ माणसांत त्या ४० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतात. फुगून फुगून मेलेल्या चरबीच्या पेशीभोवती त्या कडं करून बसतात, मयताच्या घरी ओसरीवर माणसं बसावीत तशा. गोऱ्या शास्त्रज्ञांना त्या कड्यात मुकुट दिसला, आणि नावही तसंच पडलं. ज्याचे त्याचे संस्कार. या बैठकीत जी रासायनिक कुजबुज चालते, तिच्यामुळे आजूबाजूच्या पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात, आणि मधुमेहाची वाट तिथून सुरू होते.

म्हणजे विषय भारी होता. फक्त तो करणारा माणूस मी होतो.

आणि जागा तरी कोणती! बापू १९३६ साली ज्या गावात येऊन मातीच्या कुटीत राहिले आणि शेळीच्या दुधावर भागवत आले, त्या सेवाग्रामच्या पंचक्रोशीत मी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी डबा घेऊन चरबी मागत उभा राहायचो.

मोजायचं यंत्र म्हणजे फ्लो सायटोमीटर. त्याची गोष्ट मला फार आवडते, म्हणून थोडक्यात सांगतो. अणुबॉम्ब जिथे तयार झाला त्या लॉस अलामॉसमध्ये १९६५ साली मॅक फुलवायलर नावाच्या संशोधकाने, शाईचे थेंब उडवणाऱ्या यंत्राची युक्ती उसनी घेऊन, पेशी निवडून वेगळ्या करणारं यंत्र बनवलं. पुढे स्टॅनफर्डच्या लिओनार्ड हर्झनबर्गने त्याला चमकणाऱ्या रंगांची आणि लेसरची जोड दिली. पेशी द्रवात घोळून आत सोडायच्या. भोवतीने वेगाने वाहणारं पाणी त्यांना मधोमध दाबतं आणि त्या एकेरी रांगेत येतात, जी रांग मी आमच्याकडच्या कुठल्याही खिडकीवर कधी पाहिलेली नाही. मग एकेकीवर लेसरचा झोत पडतो. प्रकाश समोर किती विखुरला यावरून पेशीचा आकार कळतो, बाजूला किती विखुरला यावरून तिच्या पोटात किती कणीदार माल आहे ते कळतं. आणि प्रत्येक पेशीच्या अंगावर जे बिल्ले असतात, त्यांना चिकटणारे रंगीत प्रतिपिंड आधीच लावलेले असले, की कोणता रंग चमकला यावरून ती कोण तेही कळतं. सीडी ४५ हा बिल्ला सगळ्या पांढऱ्या पेशींवर असतो. सीडी १४ असेल तर बहुधा मॅक्रोफेज. सेकंदाला हजारो पेशींची अशी हजेरी लागते. रंगीत प्रतिपिंडाची एक कुपी दोन-तीन कुलरच्या किमतीला पडते आणि त्यात थेंबभर माल असतो.

यंत्र नागपूरला होतं, पंचाहत्तरेक किलोमीटरवर. तिथल्या मॅडमकडून तास ठरवून घ्यायचा. पेशी वेगळ्या करायच्या वर्ध्याला, मोजायच्या नागपूरला.

पहिला नमुना मार्चमध्ये मिळाला. हर्नियाच्या ऑपरेशनला आलेले आर्वीकडचे एक काका. मी त्यांना नीट समजावून सांगितलं, की ऑपरेशन करताना पोटाच्या कातडीखालची दोन ग्रॅम चरबी संशोधनासाठी घेऊ, तुम्हाला वेगळा त्रास नाही, नाही म्हटलंत तरी उपचारात फरक पडणार नाही. काकांनी संमतिपत्र वाचलं, पोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“दोनच ग्राम काऊन, डॉक्टर? आता हात घालूनच रायले, तं चांगली दोन किलो घ्या नं!”

चरबीतून पेशी वेगळ्या करायची कृती मुळात मार्टिन रॉडबेलची. त्यांनी १९६४ साली उंदरांच्या चरबीवर ती बसवली. पुढे त्यांना नोबेलही मिळालं, पण ते वेगळ्या कामासाठी. चरबी कात्रीने बारीक चिरायची, कांदा चिरतो तशी. तिच्यात कोलॅजिनेज घालायचं. हे विकर एका जिवाणूपासून मिळतं आणि तो जिवाणू गँगरीनवाल्यांच्या भावकीतला आहे. ते चरबीच्या पेशींना बांधून ठेवणारे धागे खातं. मग जाळीतून गाळायचं, सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायचं, आणि नळीत थर पडतात. वर पिवळं तेल आणि चरबीच्या पेशी, मधे गुलाबी पाणी, तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा लालसर गाळ.

इथे मी विचार केला. विचार करणं हीच चूक होती, कारण कृतीच्या कागदावर सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. माझा विचार असा: मला चरबीतल्या पेशी हव्यात, चरबी वर आहे, म्हणजे वरचं घ्यायचं. जन्मभर वरणावरचं तूप आणि तर्रीवरचं तेल वरून काढून घेत आलेला माणूस मी, खालच्या गाळाला काही किंमत असेल हे मला सुचणार कुठून? मी पिपेटने वरचा थर अलगद उचलला, नव्या नळीत ठेवला आणि उरलेलं मामांच्या हवाली केलं.

मामा म्हणजे आमच्या लॅबचे अटेंडंट. तीस वर्षं त्यांनी असल्या नळ्या धुतल्या आहेत. नळी हातात धरून ते क्षणभर थांबले. “सर, हा खालचा लाल दाणा फेकाचाच हाये नं?”

“हो, हो. फेका.”

मामांनी फेकला.

मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो तर मोठाले, गोल, रिकाम्या फुग्यांसारखे गोळे. चरबीची एक पेशी १०० मायक्रॉनपर्यंत सहज जाते. पांढरी पेशी तिच्या दहाव्या हिश्शाएवढी. हे फुगे त्या नाजूक यंत्राच्या नळीत सोडले असते तर नागपूरकरांनी मला पुन्हा शहरात घेतलं नसतं. चरबीत लपलेले माझे सगळे पहारेकरी त्या लाल दाण्यात होते. त्यातल्या लाखभर तरी पेशी मी आर्वीच्या काकांच्या लेखी ‘हो’वर घेतल्या होत्या आणि स्वतःच्या तोंडी ‘हो’वर ब्लीचमध्ये बुडवल्या होत्या.

“मी म्हणलोच नं मनात,” मामा म्हणाले. “दही घुसळलं का लोणी वर येते, हे खरं. पण सोनं तं नदीच्या तळाशीच सापडते, सर.” धाम नदीत कोणाला सोनं सापडल्याचं ऐकिवात नाही, तरीही ते बरोबर होते.

दुसरा नमुना मेच्या अखेरीस आला. ज्या दिवसांत वर्ध्यात माणसं दुपारी दारं लावून पडतात, नवतपा म्हणतात ज्याला, त्या दिवसांत. कोलॅजिनेजला ३७ अंश लागतात, म्हणजे शरीराचं तापमान. त्यासाठी वॉटर बाथ असतो. तो पाणी तापवतो. थंड करत नाही. ज्या कारागिराने तो बनवला, त्याच्या कल्पनेत ३७ हा आकडा हवेपेक्षा वरचा होता. बाहेर पारा ४५ च्या पुढे, लॅबचा कुलर गरम वाफा सोडत होता, आणि मी बटण ३७ वर फिरवून पाहिलं तर थर्मामीटर दाखवतोय ४१. बटण बंद केलं, तरी ४१. आमच्याकडे मेमध्ये ३७ अंश ही हुडहुडी असते.

मामांनी माठ आणला. एक तांब्या माठाचं पाणी ओतायचं, थर्मामीटर बघायचा, नळी हलवायची, पुन्हा तांब्या. तुळशीला पाणी घालावं तसं आम्ही दोघांनी त्या यंत्राला पाऊण तास पाणी घातलं. तेवढ्यात मला डीन ऑफिसमधून फोन आला, हजेरीच्या कुठल्याशा तक्त्यात मी सही चुकीच्या रकान्यात केली होती. परत आलो तेव्हा पाऊण तासाचा दीड तास झाला होता. चरबी विरघळली होती, धागे विरघळले होते, आणि कदाचित पहारेकऱ्यांच्या अंगावरचे बिल्लेही. नळीत एकजीव झालेलं वरण होतं. पण यावेळी मी लाल दाणा ठेवला! तो बर्फाच्या डब्यात घातला, मॅडमसाठी गोरसपाक या वर्ध्याच्या बिस्किटांचा पुडा काखेत मारला आणि स्टेशन गाठलं. शुद्ध तुपातला गोरसपाक मेच्या उन्हात काखेत कोणी नेऊ नये, हे वर्ध्यात जन्मून मला त्या दिवशी कळलं.

वर्धा जंक्शनला एका बाजूला नागपूर आणि दुसऱ्या बाजूला मुंबई. गाडी उभी होती, दार समोर होतं, मी चढलो. डबा मांडीवर ठेवून नमुन्याचा कागद वाचत बसलो. आता सिंदी येईल, बुटीबोरी येईल, या हिशोबाने मान वर केली तर पाटी होती पुलगाव.

पुलगावला लष्कराचा केंद्रीय दारूगोळा डेपो आहे, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. अशा गावच्या फलाटावर, शर्टाला तुपाचा डाग पडलेला, घामाने निथळणारा एक माणूस, दोन्ही हातांनी थर्माकोलचा डबा छातीशी धरून पुन्हापुन्हा घड्याळ बघतोय. माझ्याकडे पाहून मलाच संशय आला असता. एक पोलीस आला. बिचारा सभ्य होता.

“काय हाये डब्यात?”

“चरबी.”

“कायची?”

इथे ‘नमुना’, ‘ऊतक’, ‘संशोधन’ असे कितीतरी शब्द उपलब्ध होते. मी म्हणालो, “माणसाची.”

त्याने एक पाऊल मागे घेतलं. मी ओळखपत्र, नीतिसमितीचं पत्र आणि संमतिपत्राची कोरी प्रत, सगळं एकदम पुढे केलं. त्याने सगळं वाचलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. आमच्या समितीच्या सदस्यांनीही इतकं वाचलं नसेल. मग डब्यात डोकावला आणि त्याचा चेहरा बदलला.

“सर, बर्फ तं पुरा वितळला. मरन नं तुमचं ते.”

तो स्वतः बाहेरच्या रसवंतीवरून रुमालात बर्फ घेऊन आला. पैसे घेतले नाहीत. या अभ्यासाला बाहेरून मिळालेलं एकमेव अनुदान ते.

नागपूरला पोचलो तेव्हा ठरलेला तास संपत आला होता. मॅडमनी डबा उघडला. “सर, याला उसाच्या रसाचा वास कसा काय?” मी गोरसपाक पुढे केला. पुड्याचा कागद पारदर्शक झाला होता.

नमुना यंत्रात गेला आणि पडद्यावर ठिपके उमटायला लागले. प्रत्येक ठिपका म्हणजे एक पेशी. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मी शास्त्रज्ञ आहे. मॅडमनी मधल्या ठिपक्यांभोवती चौकट आखली आणि आकडा आला: मॅक्रोफेज ९१ टक्के. एक्क्याण्णव! वाइसबर्गला चाळीसच मिळाले होते. माझ्या डोक्यात शोधनिबंधाचं शीर्षक तयार झालं, मग बढती, मग स्वीडनला नेण्यासाठी बंद गळ्याचा कोट.

“सर, आधी जिवंत किती आहेत ते बघू या का?” मॅडम हळूच म्हणाल्या.

जिवंत-मेलेलं ओळखण्याचा एक वेगळा रंग असतो. मेलेल्या पेशीचं आवरण फाटकं असल्याने तो आत शिरतो. तो लावला होता, म्हणजे मॅडमच्या सांगण्यावरून लावला होता. शंभरातल्या त्र्याण्णव पेशी मेलेल्या निघाल्या. आणि मेलेली पेशी चिकट असते. येईल तो प्रतिपिंड अंगाला लावून घेते. धुळवडीच्या दिवशी दारू पिऊन पडलेल्या माणसासारखी ती सगळ्याच रंगांत रंगते, आणि यंत्र बिचारं तिला मॅक्रोफेजही म्हणतं, लिम्फोसाइटही म्हणतं. त्यात बारीक तेलाचे थेंब; त्यांनाही पेशी समजून हजेरी दिलेली. तेवढ्यात यंत्राने आवाज केला आणि थांबलं. नळीत चोंदलं होतं.

“सर,” मॅडमनी सगळा आदर राखून विचारलं, “तुम्ही गाळून आणलं होतं ना?”

गाळलं होतं. घरच्या चहाच्या गाळणीने नव्हे, एवढंच स्वतःच्या बाजूने सांगू शकतो. पण जाळी शंभर मायक्रॉनची वापरली होती, आणि शेवटची बारीक जाळी, ती वर्ध्याला टेबलावर राहिली होती. मॅडमनी पाऊण तास यंत्र धुतलं. त्या पाऊण तासात मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून गोरसपाक खाल्ला, कारण मॅडम तो खाईनात.

मग मी हुशार झालो. आधी सराव करायचा, मग रुग्णांच्या चरबीला हात लावायचा. सरावासाठी सडपातळ, निरोगी माणसाची चरबी हवी. असा माणूस शोधायला मला लांब जावं लागलं नाही. उंची १७० सेंटिमीटर, वजन ६५ किलो, बीएमआय साडेबावीस. आम्हा भारतीयांसाठी तेवीसपासून जादा वजन धरतात, मी त्याच्या आत. नीतिसमितीत यावर चर्चा झाली. संमती घेणारा कोण? मी. देणारा कोण? मी. दबाव तर नाही ना आला? समितीने ठरवलं की अभ्यासात हा नमुना धरायचा नाही, नुसत्या सरावाला हरकत नाही.

सर्जन मित्राने बेंबीशेजारी भूल दिली. सिस्टर हसू दाबत उभ्या होत्या. मित्र म्हणाला, “दोन ग्रॅम? बरं. मी म्हटलं, सडपातळ माणूस, शोधावी लागेल.” सुई आत गेली. “नाही रे, इथे तर वखार आहे.”

त्याच आठवड्यात मी शरीरातली चरबी मोजणाऱ्या वजनकाट्यावर उभा राहिलो. २९ टक्के. काटा बिघडला असेल म्हणून मामांना उभं केलं. १६.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे सगळं आधीच सांगून ठेवलं आहे, आणि तेही स्वतःचा फोटो छापून. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी शेजारी शेजारी उभं राहून एक पानभर चित्र दिलं. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी तंतोतंत. पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपण बारीक दिसतो आणि आत लोणी साठवून असतो; जन्मतःच तशी ठेवण घेऊन येतो. याज्ञिकांनी हे अंगावर घेऊन विज्ञान पुढे नेलं. मी २९ टक्के घेऊन काय नेलं? एक डबा, नागपूरला.

पण डिसेंबर होता. वॉटर बाथ ३७ वर ३७ दाखवत होता. पाऊण तास म्हणजे पाऊण तास. फोन मामांकडे दिला होता. वरचं तूप फेकलं, खालचा गाळ ठेवला, बारीक जाळी खिशात घालून नेली. स्टेशनवर तीन जणांना विचारून गाडीत बसलो. नमुन्यावर नाव नव्हतं, नुसता क्रमांक.

ठिपके उमटले. जिवंत ८८ टक्के. मॅडमनी सीडी ४५ वर चौकट आखली, तिच्या आत सीडी १४ वर दुसरी. दोन चांगले वेगवेगळे पुंजके दिसत होते, पुस्तकातल्यासारखे. मी श्वास रोखला होता.

“छान आलंय, सर,” मॅडम म्हणाल्या. “मॅक्रोफेज मात्र भरपूर दिसतायत. एका नमुन्यावरून काही म्हणता येत नाही म्हणा. पण कोण पेशंट आहेत हे? फार वजनदार आहेत का?”

“नाही. बारीकच आहेत.”

“मग शुगर वगैरे एकदा बघून घ्यायला सांगा. आणि रोज जरा चाला म्हणावं.”

“सांगतो त्यांना,” मी म्हणालो.

संध्याकाळी वर्ध्याला उतरलो. हवेत छान गारवा होता. स्टेशनपासून माझं घर दीड किलोमीटर. बाहेर ऑटोवाल्याने हाक मारली, “सर, कुठी जाचं?”

मी पत्ता सांगितला आणि डबा मांडीवर घेऊन आत बसलो.